लंडन स्टॉक एक्स्चेंजने विंडोज सोडलं, म्हणजे नेमकं काय केलं?

विंडोजवरचा प्रोजेक्ट लिनक्सवर न्यायचा विषय निघाला की मीटिंगमध्ये कुणीतरी लंडन स्टॉक एक्स्चेंजचं नाव काढतंच. एवढं मोठं एक्स्चेंज विंडोजमुळे सात तास बंद पडलं, मग त्यांनी विंडोज काढून लिनक्स बसवलं आणि गाडी रुळावर आली, अशी ती गोष्ट. मीही एका क्लायंटच्या कॉन्फरन्स रूममध्ये ती अगदी अशीच, हातवारे करून सांगितली आहे. काम मिळालं. पुढे कधीतरी त्या प्रकरणातल्या तारखा एकाखाली एक लिहून काढल्या, तेव्हा लाज वाटली. बंद पडलं होतं हे तेवढं पक्कं खरं. 'विंडोजमुळे' हा शब्द माझ्या पदरचा होता, 'काढून बसवलं' हे चूक होतं, आणि गाडी रुळावर येण्याआधी आणखी दोनदा घसरली होती.

म्हणून हे प्रकरण पुन्हा एकदा, नीट.

आधीचं घर

लंडनच्या एक्स्चेंजची ट्रेडइलेक्ट ही प्रणाली १८ जून २००७ ला सुरू झाली. चार वर्षं चाललेल्या 'टेक्नॉलॉजी रोडमॅप' या कार्यक्रमाचा तो शेवटचा आणि सगळ्यात मोठा टप्पा होता. खर्च सुमारे ४ कोटी पौंड. बांधणी अॅक्सेंचर या सल्लागार कंपनीची, मायक्रोसॉफ्टच्या सोबतीने. कोड सी-शार्प या भाषेत, खाली तो चालवणारं डॉटनेट हे रनटाइम, त्याखाली विंडोज सर्व्हर २००३, डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर. बाजारभाव बाहेर पाठवणारी इन्फोलेक्ट ही जोडीची प्रणाली त्याआधीच, २००५ मध्ये, याच पायावर उभी राहिली होती. त्या काळात मायक्रोसॉफ्टची 'गेट द फॅक्ट्स' नावाची जाहिरात मोहीम जोरात होती. तिच्यात हे एक्स्चेंज मिरवलं गेलं: भरवसा हवा म्हणून लंडनने लिनक्सऐवजी विंडोज निवडलं, असा त्या जाहिरातीचा सूर.

आज हे वाचून हसू येतं, पण निवड झाली त्या काळात उभं राहून बघा. लिनक्सची २.६ ही कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) मालिका डिसेंबर २००३ मध्ये आली. ज्या गोष्टींसाठी पुढे वित्तबाजार लिनक्सकडे वळला त्यातल्या बऱ्याच याच मालिकेत, हळूहळू आल्या. सूक्ष्म वेळ मोजणारे टायमर तर २००६ मध्ये. शेअर बाजाराच्या संचालक मंडळासमोर २००३ मध्ये एका बाजूला मोठा विक्रेता, त्याचा करार आणि हमी, आणि दुसऱ्या बाजूला नुकतीच बाळसं धरू लागलेली कर्नल. मी त्या खोलीत असतो तर मीही विंडोजवर सही केली असती.

आणि सुरुवात चांगलीच झाली. ऑर्डर आत गेल्यापासून तिची पोच मिळेपर्यंत सरासरी १० मिलिसेकंद, हा तेव्हा दिमाखाने सांगायचा आकडा होता.

जमीन सरकली

ट्रेडइलेक्ट सुरू होऊन पाच महिनेही झाले नव्हते. १ नोव्हेंबर २००७ ला युरोपीय संघाचा मिफिड हा नियमसंच लागू झाला, आणि ज्या शेअरची नोंदणी लंडनमध्ये आहे त्याचे सौदे दुसऱ्या व्यासपीठांवर खेचून नेणं सोपं झालं. काय-एक्स हे नवं व्यासपीठ त्याच वर्षी सुरू झालं होतं आणि त्याचा प्रतिसाद एका मिलिसेकंदाच्या आत होता. मागोमाग २००८ मध्ये बड्या बँकांनी मिळून टर्क्वॉइज काढलं.

मिलिसेकंदासाठी एवढा जीव का टाकतात, असं बाहेरच्याला वाटतं. एखादा दलाल संगणकाकरवी एकाच शेअरचे खरेदीचे आणि विक्रीचे भाव सतत लावून बसलेला असतो. बाजार हलला की त्याला जुना भाव मागे घ्यायचा असतो. त्याचा निरोप एक्स्चेंजमध्ये पोहोचून अमलात यायला १० मिलिसेकंद लागणार असतील, तर तेवढ्यात दुसरा कुणीतरी त्याचा शिळा भाव उचलून मोकळा होतो. नुकसान त्याचं. मग तो काय करतो? जिथे भाव लवकर मागे घेता येतो तिथे जातो. त्याच्यामागून बाकीचे जातात. एक्स्चेंजचा धंदा असा झिरपत जातो.

इथे तंत्राचा भाग येतो आणि आपल्या कामाचा धडाही इथेच आहे, म्हणून जरा थांबतो. सरासरी वेळ कमी करणं तुलनेने सोपं असतं. त्रास देतो तो अधूनमधून लागणारा उशीर. लोकल सरासरी चार मिनिटांनी येते हे ठीक, पण आज विसाव्या मिनिटाला आली तर ती सरासरी घेऊन काय चाटायची आहे? डॉटनेटमध्ये वापरून झालेली मेमरी गोळा करणारा गार्बेज कलेक्टर असतो. तो धावतो तेव्हा तुमच्या प्रोग्रामचे धागे (थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी त्याची कामं) थोडा वेळ थांबतात, आणि तो नेमका कधी धावेल हे तुमच्या हातात पुरतं नसतं. बाजारात सर्वांत जास्त ऑर्डर येतात तेव्हाच सर्वांत जास्त कचरा तयार होतो, म्हणजे नको त्या वेळी झाडू. ही अडचण लिनक्सवर गेल्याने सुटत नाही. जावाचा प्रोग्राम लिनक्सवर चालवला तरी ती तिथे हजर असते. ती भाषेची आणि रनटाइमची अडचण आहे.

ऑपरेटिंग सिस्टीमचा वाटा पुढचा. लिनक्समध्ये अमुक प्रोसेसर कोअर फक्त या एका धाग्यासाठी, तिथे दुसऱ्या कुणी पाऊल ठेवायचं नाही, असं बांधून घेता येतं. नेटवर्क कार्डाचे इंटरप्ट, म्हणजे 'इकडे लक्ष दे' असे इशारे, दुसऱ्याच कोअरवर वळवता येतात. गरज पडली तर कर्नलला वळसा घालून पॅकेट थेट प्रोग्रामच्या मेमरीत घेता येतं. यातलं काही विंडोजवरही जमतं. पण अडलं तर कर्नलचा कोड उघडून बघायची सोय विंडोजवर नाही, आणि मायक्रोसेकंदांच्या (मिलिसेकंदाचा हजारावा भाग) शर्यतीत शेवटचे पन्नास-शंभर मायक्रोसेकंद तिथेच दडलेले असतात.

८ सप्टेंबर २००८

आदल्या दिवशी, रविवारी, अमेरिकी सरकारने फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जातल्या दोन महाकाय कंपन्या ताब्यात घेतल्याची बातमी आली होती. सोमवारी जगभरचे बाजार उसळले. लंडनचा बाजार सकाळी आठला उघडला आणि सव्वानऊच्या सुमारास सदस्यांच्या जोडण्या तुटू लागल्या. मुंबईत तेव्हा दुपारचे पावणेदोन वाजले होते. आपले बाजार साडेतीनला नेहमीप्रमाणे बंद झाले, लोक घरी जाऊन जेवायला बसले, तरी लंडन बंदच. तिकडे चार वाजता सौदे पुन्हा सुरू झाले तेव्हा आपल्याकडे साडेआठ झाले होते आणि त्यांच्या बाजाराला जेमतेम अर्धा तास उरला होता. वर्षातल्या सर्वांत कमाईच्या दिवसांपैकी एक दलालांनी रिकाम्या पडद्याकडे बघत काढला.

जोहान्सबर्गही थांबलं. तिथलं एक्स्चेंज लंडनच्याच इंजिनावर चालायचं. यंत्रं लंडनमध्ये, सौदे दक्षिण आफ्रिकेत. होस्टिंग दुसऱ्याच्या घरी असलं की त्याच्या घरची वीज गेल्यावर आपणही अंधारात, हे त्यांना त्या दिवशी उमगलं असणार.

कारण म्हणून एक्स्चेंजने जाहीरपणे जोडणीतल्या अडचणीचं, सॉफ्टवेअरमधल्या बिघाडाचं नाव घेतलं. इंटरनेटवर मात्र निकाल दुपारीच लागला होता: विंडोज पडलं. जाहिरातीत मिरवलेल्यावर लोक जास्त चवीने तुटून पडतात, हा मनुष्यस्वभाव. पण 'विंडोज पडलं' याला पुरावा म्हणून आजवर कुणी काही समोर ठेवलेलं नाही. २६ नोव्हेंबर २००९ ला ट्रेडइलेक्ट पुन्हा साडेतीन तास बंद पडली. तोवर तिच्या जागी काय येणार हे ठरून गेलं होतं.

बदली नव्हे, खरेदी

मे २००९ मध्ये क्लारा फर्स यांच्या जागी झेवियर रोले मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. सप्टेंबरमध्ये घोषणा झाली: एक्स्चेंज श्रीलंकेची मिलेनियमआयटी ही कंपनी विकत घेणार, किंमत १ कोटी ८० लाख पौंड. कोलंबोजवळच्या मलाबे इथलं हे काम. कंपनी १९९६ पासूनची. श्रीलंकेतलं यादवी युद्ध संपून तेव्हा चारच महिने झाले होते.

आकड्यांकडे बघा. प्रणाली बांधायला ४ कोटी पौंड लागले होते. आता अख्खी कंपनी, तिच्या इंजिनियरांसकट, त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत. वर्षाला किमान १ कोटी पौंड वाचतील असा एक्स्चेंजचा अंदाज होता. वाचणारे पैसे विंडोजच्या लायसन्सचे, असं मी तेव्हा धरून चाललो होतो. खरं तर प्रत्येक बदलासाठी बाहेरच्या कंत्राटदाराकडे जायचं आणि त्याच्या दराने पैसे मोजायचे, हे थांबणार होतं. आणि स्वतःचं सॉफ्टवेअर असल्यावर ते इतर एक्स्चेंजेसना विकताही येणार होतं.

मिलेनियम एक्स्चेंज ही प्रणाली सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली आणि लिनक्सवर चालणारी. म्हणजे भाषा बदलली, रनटाइम गेला, डेटाबेस बदलला, संदेशांचे साचे बदलले, लिहिणारी माणसं बदलली, मालकी बदलली. ऑपरेटिंग सिस्टीमही बदलली, पण या यादीत तिला शेवटचा नंबर देईन. ट्रेडइलेक्टच्या कोडची एक ओळही लिनक्सवर गेली नाही. ज्याला आपण मायग्रेशन म्हणतो ते इथे झालंच नाही. जुनं घर पाडून शेजारच्या प्लॉटवर तयार घर आणून ठेवलं.

सदस्य, विक्रेते आणि शनिवार

नवी प्रणाली थेट मुख्य बाजारात आणायचं धाडस कुणी केलं नाही. डिसेंबर २००९ मध्ये एक्स्चेंजने टर्क्वॉइजचा मोठा हिस्सा घ्यायचा करार केला. हे व्यासपीठ सिन्नोबर या स्वीडिश कंपनीच्या प्रणालीवर चालायचं. ऑक्टोबर २०१० मध्ये ते मिलेनियमवर आलं. म्हणजे विंडोजचा संबंध नसलेला एक लहान बाजार आधी हलवून बघितला. तिथे १२६ मायक्रोसेकंदांचा आकडा जाहीर झाला. १० मिलिसेकंदांच्या तुलनेत साधारण ऐंशी पट वेग. बातम्या त्याच्याच झाल्या.

मग २ नोव्हेंबरला टर्क्वॉइज दोन तास बंद पडलं. एक्स्चेंजने आधी मानवी चूक म्हटलं, वर परिस्थिती संशयास्पद असल्याचंही सांगितलं. घातपाताची चर्चा झाली, पोलिसांपर्यंत गोष्ट गेली. चौकशीअंती निघाली ती साधी मानवी चूकच. ज्याने प्रॉडक्शनवर, म्हणजे चालू प्रणालीवर, चुकीच्या खिडकीत कमांड चालवली आहे त्याला या प्रसंगाबद्दल सहानुभूती वाटेल. मला वाटते. मुख्य बाजाराचं स्थलांतर फेब्रुवारीपर्यंत पुढे गेलं.

या मधल्या महिन्यांबद्दल फार कमी लिहिलं जातं, आणि माझ्या मते प्रकरणाचं खरं वजन तिथेच आहे. एक्स्चेंजचा सर्व्हर ही एका जाळ्याची फक्त मधली गाठ. तिला जोडलेले असतात दलाल, बँका, भाव दाखवणारे डेटा विक्रेते, सौदापूर्ती करणाऱ्या संस्था. नव्या प्रणालीत ऑर्डर पाठवायचा साचा वेगळा, भावांच्या प्रवाहाचा साचा वेगळा. प्रत्येक सदस्याला आपापला कोड बदलून, तपासून, पास करून घ्यावा लागला. शनिवारी-रविवारी सगळ्यांना बसवून रंगीत तालमी झाल्या. जुन्या आणि नव्या प्रणालीत अर्धे-अर्धे सदस्य ठेवता येत नाहीत, कारण एका शेअरचं ऑर्डर बुक, म्हणजे खरेदी-विक्रीच्या ऑर्डरींची यादी, एकच असतं. एका सोमवारी सकाळी आठ वाजता सगळ्यांनी एकदम उडी मारायची, एवढाच पर्याय.

तो सोमवार होता १४ फेब्रुवारी २०११.

इंजिन चाललं. पहिल्याच दिवसांत तक्रारी आल्या त्या बाहेरून: काही डेटा विक्रेत्यांच्या पडद्यांवर भाव चुकीचे, काहींवर उशिरा, काहींवर गायब. दुसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी २५ फेब्रुवारीला, बाजार उघडल्यावर लगेचच भाव बाहेर पाठवण्यात बिघाड झाला आणि सौदे चार तासांहून जास्त वेळ, दुपारी सव्वाबारापर्यंत थांबले. लिनक्सवर. अकरा दिवसांत.

आता गंमत बघा. त्याच आठवड्यात, मंगळवारी, मिलानचा बोर्सा इटालियाना हा बाजारही कित्येक तास बंद होता. तो लंडन एक्स्चेंजच्याच गटाच्या मालकीचा, आणि तोवर जुन्या ट्रेडइलेक्टवरच. एकाच मालकाच्या दोन प्रणाली, एक विंडोजवर, एक लिनक्सवर, तीन दिवसांच्या अंतराने झोपल्या. 'विंडोज की लिनक्स' या वादासाठी नियतीने याहून चांगला प्रयोग मांडून दिला नसता, पण त्या शुक्रवारी 'लिनक्स पडलं' असं कुणी ओरडल्याचं मला कुठे दिसलं नाही.

आपल्याकडे २४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांपासून जवळजवळ चार तास बंद होता. कारणं निघाली दूरसंचार जोडण्यांची आणि स्टोरेजची. सर्व्हरवर कुठली ऑपरेटिंग सिस्टीम होती हे कुणी विचारलंही नाही.

मग आपल्या प्रोजेक्टचं काय?

त्या क्लायंटचं काम मी घेतलं ते होतं एक बिलिंगचं सॉफ्टवेअर, एएसपी डॉटनेटमधलं, आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरवर चालणारं. त्याला मायक्रोसेकंदांशी काही देणंघेणं नव्हतं. आणि मुख्य फरक असा की आम्हाला तोच कोड लिनक्सवर न्यायचा होता. २००९ मध्ये लंडनला हा रस्ता जवळपास नव्हताच. डॉटनेट लिनक्सवर चालवायचं तर मोनो नावाचा स्वतंत्र प्रकल्प तेवढा होता. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं डॉटनेट कोअर आलं जून २०१६ मध्ये, आणि लिनक्सवरचा एसक्यूएल सर्व्हर २०१७ मध्ये. म्हणजे डेटाबेस बदलायची सक्तीही आज नाही.

आमची दमछाक केली ती अगदी किरकोळ गोष्टींनी. कोडमध्ये 'लोगो'चं पहिलं अक्षर कॅपिटल, डिस्कवर स्मॉल. विंडोजला फरक पडत नव्हता, लिनक्सने चित्र दाखवायला नकार दिला. पाथमध्ये हाताने लिहिलेल्या उलट्या तिरक्या रेघा. 'इंडिया स्टँडर्ड टाइम' हे विंडोजचं नाव, लिनक्स त्याला 'एशिया/कोलकाता' म्हणतं. नवं डॉटनेट दोन्ही नावं समजून घेतं, जुन्याने आम्हाला बिलांवर साडेपाच तास मागची वेळ छापून दिली. चित्रं काढायची जी लायब्ररी सगळीकडे वापरली होती ती डॉटनेट ७ पासून फक्त विंडोजवरच चालते. क्रिस्टल रिपोर्ट्स लिनक्सवर नाहीच, त्यामुळे सगळे रिपोर्ट नव्याने. आणि मराठी पावत्या! सर्व्हरवर मंगल फाँट नव्हता, पीडीएफमध्ये ग्राहकाच्या नावाऐवजी चौकोनांची रांग.

तरी सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते बाहेरच्यांनीच. होस्टिंग बदललं की सर्व्हरचा आयपी पत्ता बदलतो. पैसे वळते करणाऱ्या सेवेने जुना पत्ताच मंजूर यादीत ठेवला होता. नवा चढवायला अर्ज, मग शिक्का, मग पुन्हा अर्ज. रात्री दोन वाजता आमचं सगळं चालू होतं आणि एकही पेमेंट आत येत नव्हतं. लंडनच्या तारखा मी आधी वाचल्या असत्या, तर कोडला हात लावायच्या आधी जोडलेल्या प्रत्येकाची यादी करायला बसलो असतो. ती आम्ही गो-लाइव्हच्या आठवड्यात केली.

पुढे

ट्रेडइलेक्ट एकदम मेली नाही. ओस्लोचा बाजार तर एप्रिल २०१० मध्ये, लंडनने ती सोडायचं ठरवल्यानंतर, तिच्यावर आला आणि २०१२ च्या नोव्हेंबरात पुन्हा मिलेनियमवर हलला. सुमारे अडीच वर्षांत दोन स्थलांतरं. तिथल्या दलालांच्या आयटी विभागात काय बोललं गेलं असेल याची कल्पना करता येते. मिलानही २०१२ मध्येच हललं. जोहान्सबर्गने २ जुलै २०१२ ला मिलेनियम घेतलं, आणि या वेळी यंत्रं लंडनमध्ये न ठेवता स्वतःच्या शहरात आणली. वेग ४०० पटीपर्यंत वाढल्याचं त्यांनी सांगितलं. त्यातला मोठा वाटा, उघडच, ऑर्डरला आता विषुववृत्त ओलांडून लंडनला जाऊन यावं लागत नव्हतं याचा होता.

लंडनमध्ये १६ ऑगस्ट २०१९ ला सॉफ्टवेअरच्या बिघाडामुळे बाजार १ तास ४० मिनिटं उशिरा उघडला. आठ वर्षांतला तो सर्वांत मोठा खोळंबा होता.

आणि १२ डिसेंबर २०२२ ला लंडन स्टॉक एक्स्चेंज गटाने मायक्रोसॉफ्टशी दहा वर्षांचा करार जाहीर केला. गटाचा डेटा व्यवसाय मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर जाणार, आणि मायक्रोसॉफ्ट गटात सुमारे ४ टक्के हिस्सा घेणार. त्या अझूरवर आज विंडोजपेक्षा लिनक्सच जास्त चालतं.